आठ प्रधान एकाच दिवशी निवृत्त जाहले त्याची हकीकत

श्रीविद्यादेवी साह्य असो. नसली तरी लिहिणे प्राप्त. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख वद्यपक्षी एका विद्यापीठाचे राज्यात वर्तमान वर्तले ते ऐसे जे, राज्यावर अष्टप्रधान होते, आणि आठही एकाच भरतीचे, एकाच वयाचे, एकाच पंक्तीस जेवणारे, आणि आठांच्या कमराही एकदमच धरत. स्त्री त्यांत औषधालाही नव्हती. त्याच राज्यात निर्मलाबाई ढोके सोळा वर्षे तासावारी रोजंदारीने वनस्पतिशास्त्र शिकवीत होत्या, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर कायम नेमणूक नाही ऐसा तेथील कायदा, आणि बाईंची पंचेचाळिशी आषाढात भरणार. मग बाई सभेत उभ्या राहोन बोलल्या, "साहेब, नवी माणसं घ्या, बायका घ्या, चार गावची घ्या. उद्या हा गाडा ओढणार कोण?" तेव्हा दिवाण त्र्यंबकराव वदले, "बाई, आम्ही गुण पाहतो. वय, जात पाहत नाही." आणि बाकीच्या सातांनी माना डोलाविल्या, आणि अर्ज पुढील सभेवर गेला, आणि तेथून त्याच्या पुढील सभेवर.

मग ऐसे जाहले की, आठांनाही लहानपणी शाळेत घालताना खरी तिथी घरी कोणास ठाऊक नव्हती, आणि गावोगावच्या मास्तरांनी जन्म एक जूनचा लिहिला होता. ज्याचे त्यास ठाऊक. दुसऱ्यास पुसावे ऐसे कोणास सुचले नाही. मेअखेर आठही प्रधान एकाच दिवशी निवृत्त जाहले, आणि बाजारात शाली कमी पडल्या. बाई दारोदार फिरल्या, आणि जो तो शाल सावरीत वदला, "माझं संपलं, बाई. मागचे बघतील." मागे पाहावे तो कोणी नाही. लिहिताना वाईट वाटते.

मग निकाल अडले, पगार अडले, आणि वरून हुकूम येऊन त्याच आठांस कंत्राटावर परत बसविले. बाई पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. त्र्यंबकराव खाली पाहून वदले, "बाई, आता आम्हीच कंत्राटी. कायम नेमण्याचा अधिकार आम्हांस उरला नाही." बाई अर्जाची घडी घालीत बोलल्या, "असू द्या, साहेब. पहिली दहा वर्षं जड जातात. मग सवय होते."

तात्पर्य, आषाढ आला आणि गेला. राज्य चालले आहे म्हणतात. याउपर लिहिणाऱ्यास उत्साह नाही.