जाकिटातला संगणक

अंगावर घालायचा आदर्श संगणक कसा असावा, हे या पृथ्वीतलावर फक्त मला कळतं. ही बढाई नव्हे, माहिती आहे.

पण मनगटावर डबी बांधून हिंडतो माझा साडू! साबणाच्या डबीएवढी, म्हणे स्वतः बनवलेली, वर लुकलुकणारा हिरवा दिवा. चहा पिता पिता डबीकडे बघायचं, भुवया उंचावायच्या आणि म्हणायचं, "सव्वीस अंश." आमच्याकडे थर्मामीटर नाही, त्यामुळे सव्वीसच असणार!

"बघा, ताईचे हे कुठल्या कुठे पोचले!" बायको म्हणाली. "आणि तुम्ही? रिटायर झाल्यापासून नुसते जुने रेडिओ उघडताय. एक तरी पुन्हा बंद केलाय?"

माझा जळून कोळसा झाला. त्या कोळशाच्या साक्षीनं मी प्रतिज्ञा केली: पुढच्या रविवारी साडू चहाला येईल, तेव्हा बायको मला 'वा!' म्हणेल. त्याला नाही, मला!

एक जाडजूड जाकीट घेतलं. पाठीवर बॅटरी, छातीवर पडदा, डाव्या बाहीवर कीबोर्ड. आतल्या खिशात पकड आणि कटर, कारण आदर्श संगणकात अवजारंही हवीत. जोडायला पिना? छे! हिसका बसला की पिना सुटतात. मी तारांना थेट सोल्डरचे डाग दिले. आणि माप चुकू नये म्हणून, जाकीट अंगात चढवून दिले!

रविवारी दुपारी छातीच्या मधोमध शेवटचा डाग दिला. पडदा उजळला. आरशात रेडिओदुरुस्तीचं अख्खं दुकान चालत निघाल्यासारखं दिसत होतं. डोळे भरून बघतोय, तोच पाठ तापायला लागली.

"अहो, काहीतरी करपतंय का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मी!"

"मग काढा की ते!"

बटणं निघाली. पण छातीवर आडव्या डागलेल्या तारा कशा निघणार? कटर त्या तारांच्याच आड, आतल्या खिशात!

बायको धावत कात्री घेऊन आली.

"कात्री लावशील तर खबरदार! आठवडाभराची मेहनत आहे!"

मग तिनं जाकीट डोक्यावरून ओढलं. ते कोपरांपाशी अडकलं. मी दोन्ही हात वर करून उभा, आणि दारात साडू!

"काय हो, कुणाला शरण गेलात?"

"भावजी, वाचवा यांना! मी मलम आणते."

साडूनं मला न विचारता कात्री चालवली. कचाकच! सुटलेली एक तार त्याच्या डबीत अडकली आणि झाकण टपकन उघडलं. आत एक सेल, एक दिवा, आणि कापूस.

मी वाकून डबीत बघितलं.

"कापूस कशाला?"

"खडखड होऊ नये म्हणून."

"आणि सव्वीस अंश?"

"अंदाज." तो कुजबुजला, "आमच्या हिला सांगू नका हो! घरी रोज ऐकतो मी, 'बहिणीचे मिस्टर बघा, रेडिओ उघडतात! तुम्हाला साधा बल्ब बदलता येत नाही.'"

तेवढ्यात बायको मलम घेऊन आली. फरशीवर पडलेलं जाकीट बघून तिचा चेहरा खुलला.

"वा!"

माझी छाती फुगली.

"वा, भावजी! तुम्ही होतात म्हणून!"

साडूनं झाकण लावलं, डबीकडे बघितलं, भुवया उंचावल्या.

"पाठ बरीच भाजलीय," तो म्हणाला.

मी मलमासाठी पाठ फिरवून बसलो. एवढा अंदाज मात्र त्याचा अचूक होता.