जयसिंगरावांचा राजीनामा

जयसिंगराव वाबळे गोलात उभे राहिले की बॉलच काय, वारासुद्धा परवानगी विचारून आत जातो, असं साऱ्या इंदुरात एकच माणूस छातीठोकपणे सांगत असे. तो माणूस म्हणजे स्वतः जयसिंगराव वाबळे.

दिवसा ते मिलच्या फाटकावर टाइमकीपर आणि संध्याकाळी रणधीर स्पोर्टिंग क्लबचे गोलकीपर. म्हणजे दोन्हीकडे काम एकच, आत येऊ पाहणाऱ्याला अडवायचं. बावीस वर्षं त्यांनी ते इमानानं केलं. होळकरी राज्य गेलं, मध्यभारत आला, तोही गेला, राजधानी भोपाळला पळाली, पण रणधीरच्या गोलातून जयसिंगराव काही हलले नाहीत. अलीकडे तर ते बॉल आला तरी हलत नसत, ही गोष्ट वेगळी. गुडघे असे वाजायचे की पेनल्टीच्या वेळी समोरच्याला वाटे, कुणीतरी सुपारी कातरतंय.

आणि मग महूची मॅच झाली. महूच्या फौजी टीमनं पाच गोल घातले.

परतीच्या बसमध्ये कप्तान भेरूलाल न राहवून बोलला, "भिया, तीसरा वाला तो मेरी दादी रोक लेती."

"तो दादी को खिलाओ," जयसिंगराव म्हणाले. वाटेत राऊ गावाला त्यांनी बस थांबवली, खाली उतरले आणि रागारागानं इंदूरच्या दिशेनं चालू लागले. दोन फर्लांग चालल्यावर राग तसाच राहिला पण गुडघे बोलू लागले, म्हणून मागून येणाऱ्या बसला हात केला. त्या दिवसापासून महिनाभर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. गोलात तात्पुरता मालोजी नावाचा कॉलेजातला मुलगा उभा राहू लागला. तो मांजरासारखा उडी मारतो, असं लोक घरी येऊन सांगत. जयसिंगराव म्हणत, "मांजर दूध पितं, गोल नाही अडवत."

पण भेरूलाल मनाचा चांगला. एका रविवारी सकाळी तो सराफ्यातल्या हलवायाकडून गरम जिलबीचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

"भिया, माफ करो. दादी भी नहीं रोक पाती."

झालं. जयसिंगरावांचा महिनाभराचा राग जिलबीबरोबर विरघळला. गळाभेट झाली, चहा झाला, आणि पुढच्या मोसमापासून पुन्हा गोलात उभं राहायचं ठरलं. सुलोचनाबाईंनी आतून विचारलंसुद्धा, "अहो, आणि गुडघे?" तर जयसिंगराव म्हणाले, "गुडघ्यांना कोण विचारतंय?"

यानंतरचा भाग जयसिंगरावांना फार उशिरा कळला, पण आपण कशाला ताटकळायचं?

भेरूलाल तिथून निघाला तो थेट क्लबचे सेक्रेटरी परचुरे मास्तरांकडे गेला. जुने सेक्रेटरी सरकारी कारकून, ते कचेरीबरोबर भोपाळला गेले, म्हणून हे श्रीपाद परचुरे आले. तेही पुण्याहून, सहा महिन्यांपूर्वी. शाळेत शिकवायचे. मास्तरांची हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. "पानी गरम हो राहिला है" इथपर्यंत त्यांची मजल.

भेरूलाल हसत हसत म्हणाला, "मास्साब, जयसिंगभिया का राजीनामा हो गया."

आता आपल्या इंदुरात शेंबड्या पोराला माहीत आहे की हिंदीतला राजीनामा म्हणजे समेट. दोघं भांडले, दोघं राजी झाले, झाला राजीनामा. कोर्टात रोज होतात. पण पुण्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडली, खुर्ची सोडली, घरी बसले.

मास्तरांच्या तोंडून "अरेरे" निघालं. दुखरी दाढ पडल्यावर माणूस जसं अरेरे म्हणतो, अगदी तसं.

"खुद दिया?" त्यांनी विचारलं.

"खुद कहाँ, मैंने हाथ जोड़े तब जाके माने."

"वाईट वाटा होगा उनको."

"नहीं मास्साब, जलेबी खाई. अब दिल में कुछ नहीं रखा."

केवढा थोर माणूस, मास्तरांना वाटलं. जिलबी खात खात बावीस वर्षांवर पाणी सोडलं. त्यांनी त्याच संध्याकाळी अध्यक्ष गोवर्धनलालजींना गाठलं आणि समारंभ ठरवून टाकला. शामियाना, हार, शाल, कचोरी आणि शेवटी दोन टीम करून एक दोस्ती मॅच. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जयसिंगरावांच्या घरी आले.

"रविवारी संध्याकाळी मैदानावर यायचं. सहकुटुंब. आता नाही म्हणू नका."

"कसला कार्यक्रम?"

मास्तर घोटाळले. घरी जाऊन तोंडावर 'तुमचा निरोप समारंभ' कसं म्हणायचं? "तुमचाच आहे," ते हळुवारपणे म्हणाले. "तुम्ही जे मोठं मन दाखवलंत, ते क्लब विसरणार नाही."

मास्तरांची पाठ वळली आणि जयसिंगरावांची छाती फुगली. "पाहिलंस? भेरूला माफ केलं तर सत्कार. आधी ठाऊक असतं तर आणखी दोन-चार भांडणं केली असती."

"पण अहो, सत्कार कशाबद्दल?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"कर्तबगारीबद्दल."

"कुणाच्या?"

अशा प्रश्नांना जयसिंगराव उत्तर देत नसत. त्यांनी डोक्यात सगळं जमवूनही टाकलं होतं. शामियाना काय उगाच घालतात? मलाच कप्तान करणार, भेरूला घरी बसवणार. मिलमध्ये फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी निमंत्रण दिलं, उशिरा येणाऱ्यांना तर सक्तीचं. देपालपूरहून थोरली बहीण गंगूआक्का बसनं आली. पुढच्या मोसमात टीम कशी खेळेल यावर त्यांनी आरशासमोर भाषण घोटलं. आणि शेवटी मॅच आहे हे कळल्यामुळे रविवारी कोटाच्या आत गोलकीपरची पिवळी जर्सी घालूनच निघाले.

"उन्हाळ्यात कोट?" आक्का म्हणाली.

"ऐन वेळेला काढीन. लोकांना मजा येईल."

शामियाना खरंच मोठा होता. मधल्या खुर्चीवर जयसिंगराव, एका बाजूला परचुरे मास्तर, दुसऱ्या बाजूला भेरूलाल. भेरूलाल आज नेहमीसारखा बडबडत नव्हता, सारखा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. कप्तानी जाणार म्हणून बिचारा खट्टू झालाय, जयसिंगरावांनी ओळखलं आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

मास्तर उठले. "आज आपण एका पर्वाच्या अस्ताचे साक्षी आहोत. उद्यापासून हे मैदान पोरकं होईल."

समोर गंगूआक्कानं सुलोचनाबाईंना कोपरानं ढोसलं. "कोण गेलं गं?"

"मला कुठं काय सांगतात हे," सुलोचनाबाई म्हणाल्या. आक्कानं खबरदारी म्हणून पदर डोळ्यांना लावला. जयसिंगरावांना वाटलं, जुन्या सेक्रेटरींबद्दल चाललंय, भोपाळला गेलेल्या. त्यांनीही मान खाली घातली.

मग गोवर्धनलालजी उठले. "जयसिंगरावजी ने बाईस साल तक गोल बचाने की बहुत चेष्टा की. आज विदाई की घड़ी में…"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. ते जयसिंगरावांच्या पोटावरून वाकून भेरूलालच्या कानात कुजबुजले, "निरोपाच्या दिवशी चेष्टा कसली काढतात?"

"चेष्टा माने कोशिश, मास्साब. हिंदी में."

मास्तर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांचा चेहरा पाटीवरचं गणित चुकलेलं वर्गानं पाहावं तसा झाला. "आणि… राजीनामा?"

"सुलह," भेरूलाल बुटांकडे बघत म्हणाला.

हे सगळं पंगतीत लोणचं पुढं सरकवावं तसं जयसिंगरावांच्या नाकाखालून गेलं. विदाई, निरोप, राजीनामा. बॉल कुठल्या बाजूनं येतोय हे त्यांना बऱ्याच दिवसांनी वेळेवर दिसलं, आणि नेमका हा अडवायला हात बांधलेले. मास्तर पांढरेफटक होऊन गोवर्धनलालजींच्या कानाशी लागले. गोवर्धनलालजी न वळता म्हणाले, "तो अब? फूल वापस पेड़ पे चिपकाओगे? चलने दो."

आणि चालू राहिलं. शाल आली, हार आला. टाळ्या पडत होत्या तेव्हाच जयसिंगराव उभे राहिले. घोटलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"मी क्लब सोडलेला नाही," ते म्हणाले. "मी राजीनामा दिलेलाच नाही."

शामियाना खो खो हसला. मिलमधला एक जण ओरडला, "वा, टाइमकीपर साहेब, जाता जाता पण हसवून राहिले."

"अरे, खरं सांगतोय. भेरू, तू बोल. अपने बीच क्या हुआ था?"

सगळे भेरूलालकडे वळले. तो उभा राहिला. त्याचा जन्म रामबागेतल्या मराठी वस्तीतला, लहानपण वाबळ्यांच्या शेजारी गेलेलं, मराठी त्याला मास्तरांइतकीच येत होती. त्यानं जयसिंगरावांकडे पाहिलं, मग पलीकडे हातपाय झटकत उभ्या असलेल्या मालोजीकडे पाहिलं.

"राजीनामा हुआ था," तो म्हणाला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की कार्यक्रम संपला समजून कचोरीवाल्यानं कढई उतरवली.

जयसिंगरावांनी हार काढला, शाल काढली, कोट काढला आणि पिवळ्या जर्सीत तरातरा गोलाकडे चालू लागले. "एक फटका," ते ओरडले. "भेरू मारेल. अडवला तर पुढचा मोसम माझा. हिंदीत आणि मराठीत, दोन्हीत."

मास्तर "अहो, अहो" करत मागे धावले. गोवर्धनलालजींना मात्र गंमत वाटली. "होने दो. आखरी खेल है."

भेरूलालनं बॉल ठेवला. जयसिंगरावांना त्याची पेनल्टी तोंडपाठ होती. भेरू उजव्या पायानं मारतो, बॉल नेहमी त्यांच्या डाव्या हाताला खाली जातो. त्याला हळू मारायची संधी होती. साऱ्या मैदानाला वाटत होतं की तो हळूच मारेल, म्हाताऱ्याच्या हातात बॉल देईल, सगळे टाळ्या वाजवतील. जयसिंगरावांनाही, खरं सांगायचं तर, आतून तसंच वाटत होतं.

भेरूलालनं महूच्या फौजेला मारावी तशी मारली.

डावीकडे, खाली. जयसिंगराव बरोबर तिकडेच झेपावले. म्हणजे मन झेपावलं, हात झेपावले, बोटांनाही बॉल लागला, पण गुडघा जागेवरच राहून गेला. ते मातीत आडवे झाले तेव्हा बॉल जाळीत गोल गोल फिरत होता. मैदानावर जोरात टाळ्या झाल्या, गोल झाला की होतात तशा, सवयीनं. मग आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे लोकांच्या लक्षात आलं आणि त्या एकेक करून विझल्या. गंगूआक्का तेवढी वाजवत राहिली. तिला वाटलं, भावानं अडवला.

भेरूलाल येऊन शेजारी उकिडवा बसला. त्यानं हात पुढे केला, जयसिंगरावांनी तो धरला नाही.

"मास्तर काय समजले, तुला कधी कळलं?"

"शामियाना बंधता देखा, तब."

"परवाच. मग बोलला का नाहीस?"

"तुमने छुआ था न अभी, भिया? बॉल को?"

"छुआ था."

"महू में छुआ तक नहीं था. पाँच में से एक भी." त्यानं नाक ओढलं. "मैं बोलता तो तुम फिर खड़े हो जाते. मेरे से मना नहीं होता. कितनी बार राजीनामा करता मैं?"

जयसिंगरावांनी कोपरावरची माती झटकली. तेवढ्यात परचुरे मास्तर धापा टाकत पोचले. चेहरा अपराधी, पण हात पुढे.

"जयसिंगराव, आता कोणत्या तोंडानं सांगू. मॅच सुरू करायची आहे. गोलकीपरची जर्सी क्लबकडे ही एकच. मालोजीला…"

मालोजी मागे उभा होता, शर्ट आधीच काढून.

जयसिंगराव उठले, कुणाचा आधार न घेता, म्हणून जरा वेळ लागला. त्यांनी जर्सी डोक्यावरून काढली. ती नाकापाशी अडकली, ती भेरूलालनं सोडवली. आणि साऱ्या इंदुरासमोर, मिलच्या लोकांसमोर, अध्यक्षांसमोर आणि देपालपूरहून मुद्दाम आलेल्या बहिणीसमोर, रणधीर क्लबचे गोलकीपर भोकाच्या बनियनवर उभे राहिले.

सुलोचनाबाई शामियान्यातून शाल घेऊन लगबगीनं आल्या आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.

निरोप देताना माणसाला शाल का देतात, ते जयसिंगरावांना तेव्हा कळलं.