जाड की पातळ?

"ओ भाऊ! कळशी जाऊ दे, पण तू वर ये!"

ही हाक चुडामणने ऐकली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि पिंपळनेरच्या एका विहिरीत शेजारणीची बुडालेली कळशी शोधत होता. श्वास घ्यायला त्याने डोकं वर काढलं, तो काठावर, आभाळाच्या गोल तुकड्यात, एका अनोळखी मुलीचा घाबरलेला चेहरा!

पुढे तीच पार्वता त्याची बायको झाली. हाकेतला 'भाऊ' त्याने बोहल्यावर मुकाट्याने गिळला; 'वर ये' तेवढं जपून ठेवलं. कोचीनच्या बंदरात पाणबुड्याची नोकरी लागली, जहाजांच्या पोटाखाली हिरव्या अंधारात उतरणं सुरू झालं, तरी ती हाक कानात वाजायची. पंचाईत एवढीच, की त्या दिवशी पार्वताने एका दमात जेवढे शब्द खर्च केले, तेवढे लग्नानंतर पुन्हा कधी केले नाहीत. पत्रात 'सर्व खुशाल', समोर 'हो' नाहीतर 'नाही'. पोस्टातली तार बरी, निदान दहा शब्द तरी देते!

चौऱ्याहत्तर सालच्या पौषात तो सुट्टीवर आला तो दोन रबरी पोशाख घेऊन. एक सात मिलिमीटर जाड, डोक्याच्या टोपीसकट. दुसरा तीन मिलिमीटर, पातळ. अंगाला कोणता बसतो ते बघायला साहेबाने दिले होते. पण खरी गोम वेगळीच होती. जाड घेतला, तर बर्फाच्या मुलखात दोन वर्षांचं शिक्षण, आणि तिथे बायकामुलांना मज्जाव. पातळ घेतला, तर कोचीनचं कोमट पाणी, आणि यंदा दोन खोल्यांचं क्वार्टर. "घरी विचारून ये," साहेब म्हणाला होता.

आणि या बहाद्दराने घरी काय सांगितलं? काहीही नाही! पार्वता आपण होऊन 'मला न्या' म्हणेल, मगच क्वार्टरचं नाव काढायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पाच वर्षं नुसती खुशाली वाचलेल्या माणसाला एवढी हौस असायचीच.

आईने, म्हणजे आक्काबाईने, जाड पोशाख चिमटीत धरला. "हाई काय शे रे? म्हैसनं कातडं?"

"पाण्यात थंडी वाजू नये म्हणून असतं, आई. यात थोडं पाणी शिरतं, अंगाच्या उबेने ते तापतं, मग..."

"पानी आत शिरस? मंग कसाले जोयजे हाई सोंग? वल्ली गोधडी पांघरीसन उडी मार ना!"

आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याने चुलीकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, मी जाड नेऊ की पातळ?"

पार्वताने भाकरी उलटली.

"जाड," ती म्हणाली.

"का?"

"हिव नही वाजाव."

झालं! थंडी वाजू नये, एवढंच! चुडामणचं तोंड तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जात्याच्या घरघरीने जाग आली. त्या घरघरीखाली एक बारीक आवाज वाहत होता:

*पांझरा वो बाई, तू तापीले मिळशी,*
*तापी जाई समुद्रले, मनं कोनले सांगशी?*

तो गोधडीत श्वास धरून पडून राहिला. बाई नदीशी बोलते, नवऱ्याशी नाही! जात्याचा वरचा दगड व्हावं आणि तिच्या हाताखाली गरगर फिरावं, असं त्याला वाटलं. तो उठून दाराशी गेला, तर ओवी थांबली.

"चहा?" पार्वताने विचारलं.

तेव्हाच त्याने बेत पक्का केला. दुपारी धुळ्याच्या एस.टी.ने निघायचं होतं. त्याआधी, त्याच विहिरीत, जाड पोशाख घालून असा खोल उतरतो, असा वेळ लावतो, की काठावरून पुन्हा ती हाक आलीच पाहिजे!

पोशाख मांडीपाशीच अडला. "पावडर लागते याला! पांढरी, मऊसूत!" तो एका पायावर नाचत ओरडला. पार्वताने जात्यापाशी जाऊन, नुकतंच दळलेलं, पांढरं, मऊसूत, जे होतं ते परातभर आणलं. कळण्याचं पीठ! ज्वारीत उडीद घालून दळलेलं! पण घाईत बघतो कोण? तिने मूठमूठ चोळलं, आणि चुडामण सर्रकन आत गेला. टोपी चढवून तो विहिरीकडे निघाला, नि गावचे वाणी केवलचंद शेठ आणि त्यांच्या दुकानावरचं गिऱ्हाईकसुद्धा मागोमाग धावलं.

"पाणबुड्या कसा बुडतो ते बघाच!" असं म्हणून त्याने उडी घेतली.

धप्प! आणि दुसऱ्या क्षणी तो वर! पुन्हा सूर मारला, पुन्हा वर! जाड रबर ते, बुडतंय कशाला? शिशाचा जड पट्टा कोचीनला राहिलेला. गावचा नामांकित पाणबुड्या सुक्या भोपळ्यासारखा पाण्यावर हेलकावे खात होता!

"अरे, भाऊ, बुडा की!" केवलचंद शेठ वरून कळवळून म्हणाले. "वजन कमी पडतंय का? थांबा, वजनाला आपल्याकडे काय तोटा!" दुकानातली पाच-पाच किलोची दोन वजनं दोरीला बांधून त्यांनी खाली सोडली. चुडामणने ती कमरेला बांधली, ती सरकून छातीशी आली, आणि डोकं खाली, पाय आभाळाकडे! विहिरीवर हशा पिकला.

पाय झाडत, वजनं सोडत, तो कसाबसा सुलटा झाला आणि आशेने वर पाहिलं. आभाळाच्या गोल तुकड्यात पार्वता होती. पण भीती कुठली? पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसत होती!

त्यात हिवाळ्यात विहिरीचं पाणी मुळात कोमट. भर पौषात घामाघूम झालेल्या त्या भोपळ्याला लोकांनी चऱ्हाटाने वर ओढलं.

खरी गंमत घरी आल्यावर कळली. पोशाख निघेना! आत शिरलेलं पाणी, घाम आणि कळण्याचं पीठ यांची अशी चिकट कणीक झाली होती, की चुडामण आणि रबर यांचं लग्नच लागलं.

"कातर आना!" आक्काबाई म्हणाली.

"कातर? कंपनीचा माल आहे हा!"

"तेल ओता," केवलचंद शेठने सुचवलं. तेल ओतलं. कणकेला मोहन मिळालं, एवढाच फरक पडला!

चौघांनी बाह्या ओढल्या, दोघांनी पाय. एस.टी.चा भोंगा वाजला, दूर गेला, आणि विरला. तेव्हा आक्काबाईने सगळ्यांना बाहेर काढलं, ऊन पाण्याची घागर सुनेपुढे ठेवली, आणि "तुना नवरा शे, तूच सोल!" म्हणून बाहेरून कडी घातली.

पार्वता गुडघ्यांवर बसली. गळ्यापाशी बोटं घालून ती ऊन पाणी सोडू लागली. हळूहळू एक मनगट सुटलं, मग कोपर. तिच्या हाताला जात्याचा वास होता. चुडामणच्या डोक्यावरची टोपी मात्र कानांवर घट्ट बसली होती. ती त्याच्याकडे बघून काही म्हणाली. त्याने मान हलवून ऐकू येत नसल्याची खूण केली.

पार्वताचे हात थांबले. तिने टोपीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मग खाली मान घालून, त्याच्या बाहीवरची कणीक खरवडत, ती अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलू लागली. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती थांबेना. तिचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

कान झाकले असले, तरी इतक्या जवळून? सगळं ऐकू येत होतं! पण माणूस लोभी. तो टोपीकडे बोट दाखवून ओरडला, "काय? काही ऐकू नाही आलं!"

पार्वताने नाक पुसलं. छातीभर श्वास घेतला. आणि मग भिंतीपलीकडे आक्काबाईला, ओट्यावर केवलचंद शेठला आणि गल्लीत उरलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"तुम्हना बिगर माले आठे करमत नही! माले बी संगे लई चाला!"