बियांसकट वाइन

वाइन इतकी कडू झाली होती, की पहिल्याच घोटाला टेलरमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेले आठ महिने ते कशानंही यायचं, पण या खेपेला निदान चारचौघांत सांगण्यासारखं कारण होतं.

दर वर्षी द्राक्षांची वाइन बायको करायची. ती गेल्यावर मास्तरांनी यंदा स्वतःच द्राक्षं आणली आणि बियांसकट मिक्सरमधून काढली. रविवारी मेव्हणी यायची होती. ताईमागं घर बसलं, असं तिला वाटायला नको होतं.

"अंड्यातलं पांढरं घाला," शेजारचा औषधवाला म्हणाला. "कडूपणा ओढून घेतं."

मास्तरांनी सहा अंडी घातली. कडूपणा जागचा हलला नाही. वर आमलेटचा वास आला.

"मग साखर घाला."

"किती?"

"गोड होईस्तोवर!"

साखरेचा डबा रिकामा झाला तेव्हा एकच बाटली बिनसाखरेची उरली. मास्तरांनी सगळ्या बाटल्यांना बुचं ठोकून त्या दुकानातल्या फळीवर मांडल्या.

साखर मिळताच आत वाइन पुन्हा फसफसू लागली. शनिवारी दुपारी एक नवरदेव पांढरा कोट घालून आरशासमोर उभा असताना पहिली बाटली फुटली. पाठोपाठ साखर घातलेल्या बाकीच्या. दोघं कटिंगच्या टेबलाखाली शिरले. बाहेर आले तेव्हा कोट जांभळा झाला होता.

"मास्तर, हा रंग मी सांगितला नव्हता."

मास्तर ओक्साबोक्शी रडायला लागले. नवरदेव घाबरला. "अहो, लग्नाला महिना आहे. दुसरा शिवा. कोटासाठी काय रडता?"

"कोटासाठी कोण रडतंय!"

रविवारी मेव्हणीपुढं ती बिनसाखरेची बाटली आली. तिनं घोट घेतला आणि पदर डोळ्यांना लावला.

"भाऊजी, अगदी ताईच्या हातची!"

"थट्टा नको. तिची मधासारखी असायची."

"तुमच्या ग्लासातली. तुम्हाला कडू खपत नाही, म्हणून त्यात ती आधीच साखरेचा पाक घालायची. आम्ही मात्र डोळे मिटून गिळायचो."

"एकतीस वर्षं?"

"तुम्ही एवढं कौतुक करायचात, मग तुम्हाला खरं काय ते तिला सांगवेना."

मास्तरांनी आपला ग्लास पुढं करून भरून घेतला.

"थांबा, पाक करून आणते," मेव्हणी उठली.

"बस गं."

त्यांनी मोठा घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, अंगावर शहारा आला.

"काय भयंकर करायची गं ही!" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी रिकामा ग्लास पुन्हा पुढं केला.