भुवया नसलेला मास्तर

गणू मास्तरांच्या भुवया हा आमच्या शाळेतला धाकाचा विषय होता. मुलाने मराठीत एक चूक केली की त्या झुडपासारख्या भुवया थेट केसांना जाऊन भिडायच्या. मास्तर कधी ओरडले नाहीत. गरजच पडली नाही.

आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावाजवळच्या त्या शाळेत मी गणित शिकवायचो, ते मराठी. कॅसेटचे दिवस होते. मुलांना घरातलं मराठी समजायचं, पण तोंडातून बेटावरचं फ्रेंच वळणाचं क्रेओलच यायचं. मास्तरांसमोर तर तेही येत नसे.

एके दिवशी ते मला म्हणाले, "आयो, दोष माझ्या तोंडाचा आहे. मुलांना बिनभुवयांचा मास्तर पायजे."

आणि त्यांनी तो बनवला. बिस्किटांच्या डब्यांचं धड, सायकलच्या दिव्यांचे डोळे, पोटात कॅसेट रेकॉर्डर. मास्तरांनी आपलाच आवाज पत्र्याच्या नळीतून भरला होता. रोबो विचारायचा, "तुझं नाव काय?" थोडं थांबायचा आणि म्हणायचा, "शाब्बास!" उत्तर काहीही असो. वर्ग सुरू झाला की मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे.

मुलं त्याच्याशी बोलू लागली. चुकतमाकत, क्रेओल मिसळत, पण बोलू लागली. सरिता नावाची एक मुलगी मात्र वर्षभर गप्पच होती. ती फक्त त्याच्याजवळ बसायची.

मग क्युरपिप शहरातून तपासणीला साहेब आले. "हे खेळणं शाळेत कशाला? काढून टाका."

तेवढ्यात रोबोने विचारलं, "तुझं नाव काय?"

साहेब गोंधळून गप्प राहिले.

"शाब्बास!" रोबो म्हणाला.

वर्गात कोणी हसायची हिंमत केली नाही. सरिता मात्र उठली आणि रोबोला समजावत म्हणाली, "साहेब लाजत्यात. बोलतील हळूहळू."

साहेबांना हसू आवरेना. रोबो राहिला. आणि त्या "लाजत्यात"वर भुवया उचलायचं मास्तर साफ विसरले.

डिसेंबरच्या सुट्टीत रोबो मास्तरांच्या घरी गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलगे फ्रान्सला. एका दुपारी मी लिच्या घेऊन गेलो, तर आतून पत्र्याचा आवाज आला. पुढच्या सत्राचा नवा धडा असावा.

"जेवलास का?"

"नाही रे," मास्तर म्हणाले. "एकट्यासाठी चूल पेटवावीशी वाटत नाही."

"काय खाल्लंस?" रोबोने विचारलं.

मी मोठ्याने खोकलो. आत खटका दाबल्याचा आवाज झाला. "या, या! बॅटरी तपासत होतो."

"जेवलात का, मास्तर?"

"केव्हाच!" ते म्हणाले.

मी लिच्या मधे ठेवल्या आणि सोलायला बसलो.