बाईंची चूक होत नसते

आजींनी डोळे मिटूनच अर्ज सांगायला सुरुवात केली. मिटणं भागच होतं. आठवड्यापूर्वी मोतीबिंदू काढलेला, नुकतेच थेंब घातलेले, आणि पाऊण तास डोळे उघडायचे नाहीत अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. पण अर्ज भरायला आजींना डोळे हवेत कशाला? नगरपालिकेच्या अर्जखिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. घराचा, नळाचा, दुकानाचा, निवडणुकीचा, कुठलाही अर्ज त्या झोपेतसुद्धा म्हणून दाखवत.

"लिही," त्या नातीला म्हणाल्या. "पहिला रकाना, अर्ज लिहिणाऱ्याचं नाव. म्हणजे तुझं. दुसरा, पत्ता. तिसरा, जन्मतारीख."

"माझी?"

"मग काय शेजारणीची? लिहिणाऱ्याची सगळी माहिती आधी येते."

"आजी, पण इथे वर असं लिहिलंय की..."

"मध्ये बोलू नकोस. लय तुटली की रकाने चुकतात."

नात सतरा वर्षांची होती आणि उंचीने बरोबर पाच फूट. गेली दोन वर्षं स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिची पेन्सिलीची रेघ एकाच जागी अडकून पडली होती, त्यावरून बाप तिला रोज चिडवायचा. अक्षर मात्र मोत्यांसारखं. आणि या घरात अर्जाच्या बाबतीत आजींना कुणी उलट विचारायचं नाही, हे ती पाळण्यात असतानाच शिकली होती. तिने लिहिलं.

"चौथा रकाना, जिच्यासाठी अर्ज आहे तिचं नाव. तिथे माझं घाल. आता खाली दोन सह्या. पहिली तुझी, दुसरी माझी. बोट धरून जागा दाखव."

हा सगळा खटाटोप बसच्या थांब्यासाठी होता. पूर्वी बस बेकरीच्या कोपऱ्यावर थांबायची. सहा महिन्यांपूर्वी नगरपालिकेने तो थांबा उचलून चढावर, रंगाच्या दुकानासमोर नेऊन ठेवला. दुकानाचे मालक, ज्यांना सगळा गाव नुसतं 'रंगवाले' म्हणे, स्वतःच नगरसेवक होते. बसची वाट बघता बघता लोक रंगांचे डबे बघतील, असा त्यांचा हिशेब. इकडे खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे चढावाच्या अर्ध्यातच संपावर जात. सात नंबरच्या घरातल्या काकूंनी तर डोळ्यांच्या दवाखान्यात जाणंच सोडलं होतं. थांबा खाली आणायचा ठराव दोनदा आला आणि दोनदा चार विरुद्ध चार मतांवर लटकला. नववे सदस्य, म्हणजे खालच्या गल्लीचे नगरसेवक, राजीनामा देऊन लेकीच्या गावी राहायला गेले होते. त्या रिकाम्या खुर्चीवर बसायचं आजींनी ठरवलं.

"आई, या वयात?" मुलगा म्हणाला होता.

"या वयात चढ चढण्यापेक्षा निवडणूक लढवणं सोपं आहे," आजी म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून त्या कार्यालयात गेल्या. निवडणुकीच्या टेबलावर आता मोठेसाहेब बसत. पंचवीस वर्षांपूर्वी हेच साहेब आजींच्या हाताखाली शिकाऊ कारकून होते आणि चुकीच्या जागी शिक्का मारला की आजींची फूटपट्टी टेबलावर आपटायची. बाईंना दारात बघताच साहेब उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही स्वतः? बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. अर्ज तपासून घे."

"तुमचा अर्ज मी तपासू?" साहेबांनी कानाला हात लावला. "बाईंची चूक होत नसते, हे या इमारतीतल्या खुर्च्यांनासुद्धा माहीत आहे." आणि त्यांनी योग्य त्या जागी, अगदी चौकटीत, शिक्का मारला.

बाई उभ्या राहिल्यात ही बातमी गावभर झाली. बाईंसमोर उभं राहून हसं कोण करून घेणार? दुसरा अर्जच आला नाही. मुदत संपली, आणि सोमवारी सकाळी फलकावर कागद लागला.

तो आधी बेकरीवाल्याने वाचला. पावाच्या टोपलीसकट तो धावत घरी आला.

"अभिनंदन! बिनविरोध!"

"मला माहीत होतं," आजी शांतपणे म्हणाल्या.

"तुमचं नाही हो आजी. हिचं!" त्याने नातीकडे बोट दाखवलं. तिच्या एका हातात टोस्ट होता, दुसऱ्या हातात भूगोलाचं पुस्तक.

तिच्या हातातला टोस्ट मोडून थेट चहात पडला.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आजी निवृत्त झाल्यावर नगरपालिकेने अर्ज बदलले होते. नव्या अर्जात पहिला रकाना उमेदवाराचा होता आणि चौथा उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्याचा. आजींनी जुना अर्ज म्हटला, नातीने तो नव्या अर्जावर उतरवला.

"मी सांगत होते," नात म्हणाली. "तू म्हणालीस, लय तुटते."

एकतीस वर्षांत कधी न झालेली गोष्ट फलकावर चार टाचण्यांनी टोचून लावलेली होती. आजींना स्वतःची लाज वाटली ती वाटलीच, पण त्याहून जास्त आठवले सात नंबरच्या काकूंचे डोळे. ही निवड रद्द झाली की पुन्हा निवडणूक, म्हणजे आणखी सहा महिने चढ. आणि ठराव तर गुरुवारीच मतदानाला यायचा होता.

साहेबांचा फोन आला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "बाई, यादी एकदा लागली की माझ्या हातात काही नाही. आता सभेनेच ठरवायचं, पोरगी पात्र आहे की नाही. आणि तिला म्हणावं, येताना पालकांचं संमतिपत्र आण. अध्यक्षांनी मागितलंय."

"नगरसेवकाला पालकांचं पत्र?"

"आणि शाळेचंही. गुरुवारी तिची भूगोलाची परीक्षा आहे म्हणे."

गुरुवारी सभागृह तुडुंब भरलं. खालची गल्ली दुपारपासूनच चढ चढायला लागली होती, तेव्हा कुठे संध्याकाळी पोहोचली. अध्यक्ष म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांची नजर आपोआप त्याच्या दाढांकडे जाई. नात भूगोलाचा पेपर देऊन थेट शाळेच्या गणवेशात आली आणि नवव्या खुर्चीवर बसली. खुर्ची मागच्या नगरसेवकांच्या मापाची. तिचे पाय जमिनीला टेकेनात.

रंगवाले उभे राहिले. सहा फूट दोन इंच माणूस, उभं राहायलाच थोडा वेळ लागला.

"अध्यक्षमहाराज, हे काय चाललंय? ही शाळकरी पोर! हिला गावाच्या कारभारातलं काय कळतं?"

"काका, एक विचारू?" नात म्हणाली.

"इथे काका नाही. सन्माननीय सदस्य म्हणायचं."

"सन्माननीय सदस्यकाका, तुम्ही बसमध्ये शेवटचे कधी बसलात?"

सभागृहात खसखस पिकली. रंगवाल्यांनी घसा खाकरला. "माझी गाडी आहे."

"आज इथे बसने कोण कोण आलंय?"

आठही सदस्यांनी आपापले कागद सरळ करायला घेतले.

"मी रोज सात वीसच्या बसने जाते," नात म्हणाली. "तुमच्या दुकानासमोर चढ आहे ना, तिथे बस थांबली की हातभर मागे येते. मग ड्रायव्हर ओरडतो, लवकर चढा! सात नंबरच्या काकूंना लवकर चढता येत नाही. दोनदा बस त्यांना सोडून गेली. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. त्यांचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय. त्या आता मला आवाजावरून ओळखतात."

मागच्या बाकावर सात नंबरच्या काकूंनी नाक पुसलं. "खरं बोलतेय गं पोर," त्या जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या.

अध्यक्षांनी पहिल्यांदाच कुणाच्या दातांऐवजी चेहऱ्याकडे बघितलं. पण रंगवाले हटणारे नव्हते. "भाषण छान आहे, बक्षीस द्या हवं तर. पण नियम म्हणजे नियम! नियम सतरा, उमेदवाराचं वय. साहेब, वाचा."

नियम आजींना पाठ होता, एकवीस वर्षं. संपलं सगळं.

साहेबांनी पिवळं पडलेलं नियमांचं पुस्तक उघडलं. गावात याच पुस्तकाच्या प्रती होत्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्टेन्सिलवर टाइप करून काढलेल्या. टाइप अर्थातच आजींनी केलेल्या. साहेबांनी वाचायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"वाचा ना!"

"नियम सतरा," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "उमेदवाराचे वय पाच फुटांपेक्षा जास्त असू नये."

"काय?"

"तसं लिहिलंय. आणि पुढे एकदम नियम एकोणीस."

आजींना एका क्षणात सगळं आठवलं. ते जुनं यंत्र, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन, आणि वाजलेला फोन. मुलगा शालान्त परीक्षा पास झाल्याचा तो फोन. गणितात पास होईल याची त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती! त्या इतक्या आनंदल्या की त्यांनी अख्ख्या कार्यालयाला चहा पाजला, शिपायाशी हात मिळवला, आणि परत येऊन टाइप करायला बसल्या ते एक ओळ सोडून. 'एकवीस वर्षांपेक्षा कमी असू नये. १८. कुंपणाच्या भिंतीची उंची', एवढी एक ओळ. उमेदवाराचं वय थेट कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसलं होतं. अठ्ठावीस वर्षांत कुणी पान उघडलं नाही. म्हणून तर गावात जो तो हव्या तेवढ्या उंच भिंती बांधत सुटला होता. सर्वात उंच भिंत होती रंगवाल्यांची.

आता गप्प राहिलं की काम फत्ते. पण एकतीस वर्षं चुकीच्या अर्जांना तोंडावर चुकीचे म्हणणाऱ्या बाई त्या. त्या उठल्या, काळा चष्मा सारखा केला.

"अध्यक्षमहाराज, ती ओळ माझ्याकडून गळलीय. चूक माझी आहे."

मग साहेब हसले. अगदी मायेने हसले.

"बाई, काहीतरीच काय! तुमच्याकडून चूक?"

"अरे, खरंच गळली."

"ऑपरेशनचा ताण आहे," अध्यक्ष हळूच म्हणाले. "त्यांना पाणी द्या कुणीतरी."

"मला पाणी नको! नियम एकवीस वर्षांचा आहे!"

"बाईंनी टाइप केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार," सदस्यांपैकी एक म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलाने आईचा हात धरून तिला खाली बसवलं. "आई, बस गं. तुझं कुणी ऐकत नाहीये," तो कानात म्हणाला, आणि हसू लपवायला त्याने रुमाल काढला.

"मी बरोबर पाच फूट आहे," नवव्या खुर्चीवरून आवाज आला. "दाराच्या चौकटीवर खूण आहे. हवं तर बघून या."

रंगवाले ताडकन उठले. "हा काय पोरखेळ आहे? वय काय फुटांत मोजतात? पण नियमच म्हणायचा तर..." आणि ते मध्येच थांबले. कारण सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. आधी पायांकडे, मग सावकाश वर, वर, आणखी वर. सहा फूट दोन इंचांपर्यंत.

रंगवाले हळूहळू खाली बसले. मग बसल्या बसल्याही थोडे वाकले.

"मला वाटतं," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनीही मान जरा खांद्यांत ओढून घेतली, कारण ते स्वतः पाच फूट आठ होते, "नियम सतराची ही बाब नियम समितीकडे पाठवावी. समिती सवडीने बसेल. तोवर सर्व सदस्य आहेत तसे पात्र. कुणाची हरकत?"

हरकत घ्यायला उभं राहावं लागलं असतं. कुणी उभं राहिलं नाही.

थांब्याच्या ठरावाला पाच विरुद्ध चार मतं पडली. पाचवा हात सर्वात ठेंगणा होता, पण तो इतक्या जोरात वर गेला की खुर्ची मागे कलंडली आणि बेकरीवाल्याने ती झेलली. खालच्या गल्लीने टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सात नंबरच्या काकूंनी टाळ्या वाजवत पुढे येऊन समोर सापडलेल्या माणसाच्या पाठीवरही चार वाजवल्या. तो माणूस रंगवाले निघाला, पण तोवर कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांनासुद्धा नाही.

पंधरवड्याने बेकरीच्या कोपऱ्यावर थांब्याचा खांब उभा राहिला. पहिल्या सकाळी आजी, नात आणि सात नंबरच्या काकू तिघी तिथूनच बसमध्ये चढल्या. काकूंच्या पिशवीत दवाखान्याचे कागद होते, नातीच्या पाठीवर दप्तर आणि दप्तरात सभेची विषयपत्रिका.

आजी मात्र खट्टू होत्या. चूक कबूल करूनही कुणी मानत नाही, याचं शल्य त्यांना दोन आठवडे पुरलं होतं. कार्यालयात जाऊन त्यांनी साहेबांना दोनदा समजावलं. साहेबांनी दोन्ही वेळा चहा पाजून घरी पाठवलं.

कंडक्टर आला. नवीनच होता, गल्लीतल्या कुणाला ओळखत नव्हता. त्याने नातीकडे वरून खाली पाहिलं.

"अठराच्या आत असशील तर अर्धं तिकीट. वय किती गं तुझं?"

नातीने पाठ ताठ केली. "पाच फूट."

कंडक्टरने गोंधळून आजींकडे पाहिलं. आजींनी नातीकडे पाहिलं. मग दोन आठवडे कुठेतरी अडकून बसलेलं हसू त्यांना असं फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बरोबर सांगतेय ती," त्या म्हणाल्या. "नियमच आहे तसा. मी स्वतः टाइप केलाय."