अरुणकाकांची मेक्सिकन पानगी

आमच्या सोसायटीत "ताऽऽमालेस!" अशी आरोळी आली की लोक पटापट दारं लावून घेतात. नवख्या माणसाला वाटेल, कुणी वसुलीवाला आला असेल. तसं काही नाही. तिसऱ्या मजल्यावरचे अरुणकाका गॅलरीत उभे राहून जाहीर करत असतात, की कुकरमधला माल तयार आहे, ज्याला खायचंय त्याने यावं. कुणीच येत नाही, म्हणून मग ते स्वतः ताटली घेऊन निघतात. आमचं दार त्यांच्या समोरच, त्यामुळे आम्हाला पळायला वाव नाही.

तामालेस म्हणजे मक्याचं पीठ कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेलं. मेक्सिकोत ते सकाळी रस्त्यावर विकतात, आपल्याकडे कांदेपोहे विकतात तसे. डोंबिवलीत मानपाडा रोडवर ते कुणी विकत नाही, आणि काकांच्या हातचं खाल्ल्यावर कुणी मागणारही नाही. पण काकांना सांगणार कोण? त्यांचं पालुपद ठरलेलं, "आपलंच आहे हो ते!" टाको? "घडीच्या पोळीत भाजी. आपलंच आहे हो ते!" साल्सा? "ठेचा. टोमॅटो घातला एवढंच." तिकडच्या बाजारातही कणसाला लिंबू-तिखट लावतात, आंब्याच्या फोडींवर तिखट-मीठ भुरभुरतात, हे सांगताना तर त्यांचा ऊर असा भरून येतो, की कल्याणच्याच कुणी तिथे जाऊन गाडी टाकलीय असं वाटावं. मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, मका, मिरची, टोमॅटो, सगळं त्यांच्याकडूनच इकडे आलंय." काका जरासुद्धा अडखळले नाहीत. "बघ! मी वेगळं काय सांगतोय?"

कणसाच्या सालींसाठी ते बाजारात एका आगरी मावशींकडे जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही बरोबर होतो. काका म्हणाले, "कणसं नकोत, नुसती सालं द्या." मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कनाला रं तुला सालटा? म्हस पालली काय?" काकांनी भर बाजारात त्यांना तामालेस समजावून सांगितलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "घरान कोन हाय का नाय याचे?"

घरात कुणी नाही. काकू जाऊन तीन-चार वर्षं झाली. काकू पानगी फार सुरेख करायच्या, केळीच्या पानात थापून तव्यावर. त्यामुळे काका तामालेसलाही पानगीच म्हणतात. "पान बदललं, पीठ बदललं, बाकी आपलंच!"

पहिल्या खेपेला त्यांनी जो गोंधळ घातला तो अजून आमच्या जिन्यात सांगितला जातो. मका आधी 'लाइम'मध्ये उकळायचा, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. काका मराठी माध्यमातले, लाइम म्हणजे लिंबू. पिशवीभर लिंबं पिळून त्यात त्यांनी मका रटरटवला. मका शिजला नाही, पण ज्यांनी चाखला त्यांचे दात आठवडाभर आंबलेले होते. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, लाइम म्हणजे चुना!" काका तडक पानवाल्याकडे. तो चुन्याचा डबा पुढे करत म्हणाला, "काका, इतना पान कौन खायेगा?" काका म्हणाले, "पान नाही रे. आजवर सगळ्यांनी मला चुना लावला, आता मी मक्याला लावतो."

हे खूळ शिरलं ते नातीमुळे. मुलगा मंदार नोकरीसाठी मेक्सिकोला गेला आणि तिथल्याच एलेनाशी त्याने लग्न ठरवलं. तेव्हा आमच्या सोसायटीत भुवया उंचावल्या. "कुठली म्हणायची मुलगी?" असं कुणीतरी खवचटपणे विचारलंच. काका पेढ्यांचा बॉक्स पुढे करून म्हणाले, "आपलीच आहे हो ती!" हे पालुपद मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

नातीचं नाव मीरा. ती बोलते स्पॅनिश, मराठीतला एकच शब्द येतो, आजोबा. रोज संध्याकाळी काका फोन लावतात. तिकडे तेव्हा सकाळ असते, मीरा शाळेचे कपडे घालून समोर बसते आणि ओरडते, "आजोबा, मीरा! मीरा!" काका खूश. "हो गं, तूच मीरा! शहाणी माझी मीरा!" हे कित्येक महिने चाललं. मग एकदा मंदारने हसत हसत सांगितलं, स्पॅनिशमध्ये 'मीरा' म्हणजे 'बघ'. पोरगी कधी पडलेला दात दाखवत होती, कधी चित्र, आणि आजोबा तिच्या नावाचं कौतुक करत होते. काकाही हसले. पण नंतर आमच्याकडे येऊन म्हणाले, "पोर बघ बघ म्हणत होती रे. मी बघितलंच नाही."

त्यात आणखी एक विघ्न. काकांनी नीट बघायला सुरुवात केली, की तिकडे खालच्या रस्त्यावर तामालेसवाल्याची आरोळी येते, आणि मीरा फोन टाकून पळते. काकांच्या हाती उरतं मेक्सिकोचं छत. तेच बघत बसतात बिचारे.

"गप्पा मारायला आमच्यात शब्द नाहीत," काका मला म्हणाले. "पण बरोबर बसून खायला शब्द कशाला लागतात? तिच्या हातात तिचं, माझ्या हातात माझं. मग ती पळायची नाही."

परवा त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. समोर ताटलीत सालीत बांधलेल्या चार गरम पुरचुंड्या. फोन लागला. मीरा आली, हसली, आणि काका ताटलीला हात घालणार तोच तिकडून आरोळी आली. मीरा खुर्चीवरून उतरली. काका घाबरेघुबरे झाले आणि जीव खाऊन ओरडले, "मीराऽऽ!"

त्यांनी तिला हाक मारली, का 'बघ' म्हणाले, मला अजून सांगता यायचं नाही. ती दारातून परत आली. तिने बघितलं. काकांनी पुरचुंडी वर धरली आणि साल सोलली.

"तामाल?" मीराने डोळे मोठे करून विचारलं.

"पानगी," काका म्हणाले.

ती पुन्हा पळाली. छत दिसायला लागलं. मग तिकडच्या जिन्यावर पावलं वाजली आणि मीरा धापा टाकत खुर्चीत येऊन बसली. तिच्या हातात तशीच पुरचुंडी होती. पुरचुंडी फोनच्या अगदी जवळ धरून ती म्हणाली, "आजोबा, मीरा! पानगी!"

"बघतोय गं," काका म्हणाले. "बघतोय."

मग दोघं खायला लागले. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसले, "चुना जास्त झालाय जरा. तू कसला बसलायस, खा की!"

मी घास घेतला. आतून कच्चाच होता. तो तसाच गिळून मी म्हणालो, "आपलंच आहे हो ते, काका."